तंबाखूचा घरगुती अर्क आणि दोन दिवसांत काळी पडणारी कॉइल

व्हेपच्या उपकरणात नवी कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तार, बसवली, ताजा कापूस भरला, घरी मुरवलेल्या तंबाखूच्या अर्काचं लिक्विड टँकमध्ये ओतलं. पहिल्या दिवशी चव इतकी खरी, की पानांची बरणी उघडून नाक आत घातल्यासारखं वाटावं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाफेला गोडसर करपट वास येतो. संध्याकाळी घशाला टोचायला लागतं, वाफ पातळ होते, आणि टँक उघडून पाहावं तर तारेवर कडक काळं कीट, तव्यावर सांडलेला पाक जळून बसावा तसं. कॉइल बदलायची, पुन्हा दोन दिवस मजेत, पुन्हा तेच.

मी या फेऱ्यात बरेच महिने होतो आणि दरवेळी एकच निष्कर्ष काढत होतो, की गाळणी कमी पडली. कॉफीच्या कागदाने भागेना म्हणून प्रयोगशाळेचा ११ मायक्रॉनचा कागद आणला, मग २.५ मायक्रॉनचा, मग सिरिंजला लावायची ०.४५ मायक्रॉनची गाळणी. अर्क काळ्या चहासारखा नितळ झाला, बाटलीमागे टॉर्च धरला तर एक कण दिसेना. कॉइल मात्र आधी दोन दिवसांत जायची ती आता अडीच दिवसांत जाऊ लागली.

गाळणी अडवते ते तरंगणाऱ्या कणांना. विरघळलेल्या पदार्थांना ती अडवत नाही. साखरेचं पाणी कितीही बारीक कागदातून गाळलं तरी गोडच राहतं, आणि तंबाखूच्या पानात साखर असते, काही जातींत तर भरपूर. म्हणून या दुखण्यावरचे महत्त्वाचे निर्णय गाळण्याच्या कितीतरी आधी होतात: पान कोणतं घेतलं, ते कशात भिजवलं, किती तापवलं. गाळणं लागतंच, पण ते शेवटी येतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे लिखाण आधीपासून व्हेप किंवा धूम्रपान करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. जो यात नाही त्याने चवीच्या ओढीने यात पडू नये. घरी काढलेला अर्क 'नैसर्गिक' आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. पान वाळवताना आणि आंबवताना त्यात एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसमाइन्स तयार होतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलेली आहेत. ती अर्कात उतरतात आणि कुठलीही गाळणी त्यांना अडवत नाही. उपकरणं आणि लिक्विड यांचा कायदाही देशागणिक वेगळा आहे, काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे. ते आधी पाहून घ्या.

दोषी खरंच अर्क आहे का?

बरेच जण ही पायरी वगळतात आणि नको तिथे शोधत बसतात. नव्या कापसावर आणि स्वच्छ कॉइलवर दोन दिवस नुसतं पीजी-व्हीजीचं (प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, व्हेप लिक्विडचे मूळ द्रव) मिश्रण चालवून पाहा, चव नाही, अर्क नाही. उपकरणाची ताकद, म्हणजे वॉटेज, नेहमीचीच ठेवा. दोन दिवसांनी कापूस पांढरा किंवा किंचित पिवळट आणि तार जवळपास स्वच्छ असेल तर उपकरण निर्दोष आहे. त्यातही कापूस करपला असेल तर कापूस कमी भरलाय, फार दाबून भरलाय किंवा वॉटेज जास्त आहे, आणि अर्काला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरा संशयित म्हणजे तयार गोडवा. तंबाखूच्या चवीला गोलाई यावी म्हणून पुष्कळ जण मिश्रणात सुक्रालोजचे थेंब टाकतात. सुक्रालोज कॉइलवर साखरेइतकंच वाईट वागतं, तापून तुटतं आणि काळा थर सोडतं. आधी ते काढा, मगच पुढची तपासणी करा.

तिसरी चाचणी मला सगळ्यात उपयोगी पडली. स्टीलचा एक जुना चमचा घ्या, पुन्हा स्वयंपाकात न वापरायचा. खिडकी उघडा, पंखा चालू करा. चमच्यात साध्या पीजीचे दोन थेंब टाकून मंद आचेवर उडवा आणि डाग पाहा. मग चमचा पुसून तेवढेच दोन थेंब अर्काचे टाका. तोंड लांब ठेवा, त्या वाफेत निकोटीन असतं. साधं पीजी जवळजवळ काही मागे न ठेवता उडून जातं. अर्काने फिकट तपकिरी छटा सोडली तर तो चालण्यासारखा आहे. चकचकीत, चिकट, नखाने खरवडावा लागेल असा काळा डाग राहिला तर तोच डाग उद्या तुमच्या कॉइलवर असणार आहे. नवा अर्क टँकमध्ये घालण्याआधी मी आता ही चाचणी चुकवत नाही.

डागाची तऱ्हाही बरंच सांगते. फुगून काळा झालेला, कुरकुरीत, जळक्या पाकाच्या वासाचा डाग साखरेचा. पसरट, तेलकट, बोटाला मेणासारखा लागणारा डाग पानावरच्या मेणाचा. राखाडी, पुडीसारखा, फुंकला तर उडणारा डाग बारीक कणांचा आणि क्षारांचा. प्रत्यक्षात हे तिन्ही मिसळलेले असतात, पण एकाचं पारडं जड असतं आणि उपाय त्याप्रमाणे बदलतो.

पान

व्हर्जिनिया जातीचं पान बंद भट्टीत गरम हवेने वाळवतात. ते लवकर वाळल्यामुळे पानातल्या स्टार्चची झालेली साखर तशीच टिकून राहते, आणि ती पानाच्या कोरड्या वजनाच्या १५ ते २५ टक्क्यांपर्यंत असू शकते. बर्ली सावलीत, हवेवर, कित्येक आठवडे वाळतं. तेवढ्या वेळात जिवंत पेशी बहुतेक साखर खाऊन टाकतात आणि उरते ती नाममात्र. म्हणून बर्लीचा अर्क कॉइलला सौम्य असतो, आणि चवीला दाणेदार, कोरडा, थोडा कोकोसारखा.

पण साधं बर्ली आणि बाजारातलं बर्ली यात फरक आहे. बर्लीचं पान स्पंजासारखं रस शोषतं, म्हणून कारखान्यात त्याला साखर, ज्येष्ठमध, कोको यांचं पाणी पाजतात. सुगंधी पाइप तंबाखूचं तर विचारायलाच नको. कॅव्हेंडिश म्हणून मिळतं ते वाफवून, दाबून, बहुधा गोड करून काळं केलेलं पान असतं. त्याचा व्हॅनिलासारखा वास मोहात पाडतो. माझ्या सर्वांत जास्त कॉइल त्यानेच खाल्ल्या. पाकिटावर 'अरोमॅटिक' लिहिलेलं दिसलं की त्याचा अर्क काढू नये, इतकं सरळ माझं मत आहे. वरून लावलेली चव अर्कात तशीही विचित्रच उतरते.

उन्हात वाळवलेली ओरिएंटल जातीची लहान पानं सुवासिक असतात. त्यांच्या पृष्ठभागावरच्या बारीक केसांतून राळेसारखा चिकट स्राव येतो आणि सुगंधाचा मोठा भाग तिथेच असतो. तो अर्कात हवाच, पण जास्त झाला की तेलकट थर बसतो, म्हणून ही जात मिश्रणात थोडी घ्यावी. लाटाकिया धुरावर वाळवलेलं असतं. त्याचा अर्क गडद दिसतो पण गोड नसतो, आणि फार थोडा लागतो. पेरिक पिंपात दाबून महिनोन्महिने आंबवलेलं असतं. मिऱ्यासारखा तिखटपणा आणि सुक्या फळांचा वास त्याला येतो, तेही चिमूटभरच पुरतं. घट्ट सुगंधाची ही दोन पानं मला या कामात फार मोलाची वाटतात. अर्क कमी लागला की कॉइलवर जाणारा ऐवजही कमी होतो.

पान कापून घ्या, दळू नका. चव लवकर उतरावी म्हणून मिक्सरमधून काढलेल्या पानाचा भुगा निम्म्या गाळण्यांतून पार होतो आणि उरलेल्या बंद पाडतो. चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या पुरतात. जाड शिरा काढून टाका, त्यांत चव कमी आणि क्षार जास्त. पान ओलसर असेल तर कागदावर पसरून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. पानातलं पाणी भिजवणीत गेलं की ते साखर बाहेर ओढायला मदत करतं.

कशात भिजवायचं

इथे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींचे दोष उलटे आहेत. ते समजलं की अर्धं कोडं सुटतं.

पीजी म्हणजे प्रोपिलिन ग्लायकॉल मेण फारसं विरघळवत नाही, पण साखर काही प्रमाणात घेतं. म्हणजे पीजीच्या अर्कात बिघाड झाला तर तो बहुधा साखरेचा किंवा कणांचा. कडक इथेनॉल, ९५ टक्क्यांच्या आसपासचं, साखर फारशी घेत नाही. साखरेला पाणी लागतं, आणि त्यात पाणी जेमतेम असतं. पण ते पानावरचं मेण आणि राळ चांगलीच धुऊन काढतं. म्हणजे इथेनॉलच्या अर्कात बिघाड झाला तर तो मेणाचा, आणि मेण थंडीत गोठतं, म्हणून ते काढता येतं. साखर विरघळून बसली की घरगुती साधनांनी ती निघत नाही. गोड पानासाठी इथेनॉल आणि कमी साखरेच्या पानासाठी थंड पीजी अशी वाटणी मी केली ती यामुळे.

व्हीजी म्हणजे ग्लिसरीनमध्ये थेट भिजवणं मी सोडून दिलं. खोलीच्या तापमानाला ते पीजीच्या वीसेक पट दाट असतं. त्यात चव उतरायला जन्म जातो आणि गाळ तर खाली बसतच नाही.

इथेनॉल खाद्य दर्जाचंच हवं. विकृत केलेलं स्पिरिट, जंतुनाशक म्हणून मिळणारं आयसोप्रोपिल, ॲसिटोन, थिनर यांतलं काहीही नाही, 'उडून जाईल ना' म्हणूनही नाही. आणि तेल कधीच नाही, मग ते खाद्यतेल असो की सुगंधी. तेलाचे थेंब फुफ्फुसात गेले की तिथे दाह करणारा न्यूमोनिया होऊ शकतो. २०१९ साली अमेरिकेत व्हेप करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या गंभीर इजेची साथ आली, तिचा धागा प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी लागला, आणि तो तेलकट पदार्थच होता. जे पीजी-व्हीजीत मिसळत नाही आणि वर तवंग धरतं ते टँकमध्ये जाऊ नये.

आच

घाई असलेल्यांचा आवडता उपाय म्हणजे बरणी गरम पाण्यात ठेवणं. ५० ते ६० अंश सेल्सियसला काही तासांत रंग गडद होतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण उतरतात ती तपकिरी रंगद्रव्यं, तुरट पॉलिफिनॉल्स, साखर आणि मेणही. सुगंधाचे हलके घटक तेवढ्यात उडून गेलेले असतात. गरम अर्क गडद आणि कडवट होतो, थंड अर्क फिकट आणि सुवासिक. रंगावरून ताकद जोखायची सवय मोडायला मला बराच वेळ लागला.

आता मी पीजीची बरणी घट्ट झाकून, अंधारात, खोलीच्या तापमानाला चार ते सहा आठवडे ठेवतो. १० ग्रॅम पानाला ८० मिलिलिटर पीजी. पहिला आठवडा रोज एकदा बरणी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, नंतर हात लावायचा नाही. सहा आठवड्यांनंतर वाट पाहून चवीत भर पडत नाही, फक्त तुरटपणा वाढतो.

इथेनॉलला एवढा वेळ लागत नाही. १० ग्रॅम पानाला १०० मिलिलिटर इथेनॉल, एक ते दोन दिवस, बस्स.

निवळणं आधी, गाळणं नंतर

पान काढताना ते पिळण्याचा मोह होतो, कारण पान बराच पीजी पिऊन बसलेलं असतं आणि तो वाया जातोय असं वाटतं. पिळू नका. पिळून निघालेला शेवटचा भाग सगळ्यात गढूळ असतो आणि तो उरलेल्या चांगल्या अर्कातच मिसळतो. स्टीलच्या जाळीवर पान रात्रभर निथळत ठेवा, जे येईल ते घ्या.

मग अर्क उंच, अरुंद बाटलीत भरून किमान एक आठवडा न हलवता ठेवा. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या आकाराच्या वर्गाने वाढतो आणि द्रवाच्या दाटपणाने कमी होतो. २० मायक्रॉनचा कण १० मायक्रॉनच्या कणापेक्षा चौपट वेगाने उतरतो. मोठे कण पहिल्या दोन दिवसांत तळाशी जातात, बारकांना आठवडा-दोन आठवडे लागतात. तळाशी साका धरला की वरचा नितळ भाग लांब सुईच्या सिरिंजने हळूच ओढून घ्या. बाटली तिरपी करून ओतलं की साका उठतो आणि आठवडा फुकट जातो. तळाचा शेवटचा बोटभर अर्क मी सरळ टाकून देतो.

यानंतर गाळणीला काम सोपं जातं. आधी कॉफीचा कागद, त्याची छिद्रं साधारण २० मायक्रॉनची असतात. मग ११, मग २.५. एकदम बारीक कागदावर उडी मारली तर तो दहा मिनिटांत बुजतो, आणि लोक मग चमच्याने ढवळतात, दाब देतात, कागद फाडतात. पीजी कागदातून उतरायला तास लागतात, ते साहजिक आहे. व्हॅक्यूमचा पंप आणि बुख्नरचं (खालून हवा ओढून गाळायचं) नरसाळं असेल तर छानच, नसेल तर रात्रभर झाकून ठेवा. ०.४५ मायक्रॉनची सिरिंज गाळणी मी आता ठेवणीत टाकली आहे. वरचं सगळं नीट झालं तर तिच्यावर फारसं काही उरत नाही.

इथेनॉलच्या अर्काला मात्र मध्ये एक पायरी जास्त. पान काढून पहिला कागद झाला की बाटली घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये एक-दोन दिवस ठेवा. झाकण हवाबंदच हवं, इथेनॉलची वाफ बंद फ्रीजरमध्ये साठणं धोक्याचं आहे. मेण गोठून पांढुरके, ढगासारखे पुंजके तयार होतात. आता ते गारच असताना गाळायचं. नरसाळं आणि कागदही फ्रीजरमध्ये गार करून घ्या, कारण अर्क कोमट झाला की मेण पुन्हा विरघळून कागदातून पार होतं. माझ्या पहिल्या दोन घाण्यांत मी नेमकं हेच केलं. रात्री गाळायला लावून झोपलो, आणि सकाळपर्यंत सगळं मेण पुन्हा अर्कात.

गाळून झालं की रुंद काचेच्या भांड्यात २० मिलिलिटर पीजी घ्या, त्यात हा अर्क ओता आणि इथेनॉल उडू द्या. खोलीच्या तापमानाला, वाहत्या हवेत, जवळपास ज्योत, शेगडी, सिगारेट काही नको. इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाच पेट घेऊ शकते. भांड्याचं वजन आधी आणि मध्येमध्ये करत राहा, ते घटायचं थांबलं की बहुतेक इथेनॉल गेलं. वासावर विसंबू नका, नाक फार लवकर सवय करून घेतं.

या टप्प्यावर पुष्कळ जण घाबरतात. इतका वेळ नितळ असलेला द्रव इथेनॉल उडता उडता दुधाळ होतो. इथेनॉलमध्ये विरघळलेली राळ आणि सुगंधी तेलं पीजीत मावत नाहीत, म्हणून बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतात. हा दोष लपवू नका, ढवळून मिसळून टाकू नका. पुन्हा गार करा, दोन-तीन दिवस निवळू द्या, वर किंवा तळाशी जे जमेल ते सोडून मधला नितळ भाग घ्या. दुधाळपणा गेल्याशिवाय तो अर्क वापरायचा नाही, कारण ते तेलकट थेंबच आहेत.

निकोटीनचा हिशेब

हा भाग दुर्लक्षित राहतो आणि मला तो कॉइलपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पानाबरोबर निकोटीनही उतरतं, पीजी आणि इथेनॉल दोन्हींत ते सहज विरघळतं. पानात २ टक्के निकोटीन धरलं तर १० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम. ते सगळं ८० मिलिलिटर पीजीत उतरलं असं मानलं तर दर मिलिलिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि लिक्विडमध्ये १५ टक्के अर्क घातला तर सुमारे ०.४ मिलिग्रॅम. हे थोडं आहे. पण इथेनॉलच्या रस्त्याने तेच २०० मिलिग्रॅम २० मिलिलिटरमध्ये गोळा होतात, म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, आणि १५ टक्क्यांच्या मिश्रणात १.५ मिलिग्रॅम. पान ४ टक्क्यांचं निघालं तर हे आकडे दुप्पट होतात. त्यावर तुम्ही विकतचं निकोटीन मोजून घालत असाल तर बेरीज कुठे जाते ते पाहा. 'हल्ली घशाला फार लागतं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच असतं, आणि माणूस कॉइल बदलत बसतो.

निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, घेरी, उलट्या होतात त्या याच कारणाने. अर्क हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, सांडलं तर लगेच साबणाने धुवा. मळमळ, घाम, छातीत धडधड, गरगरणं सुरू झालं तर काम थांबवून मोकळ्या हवेत जा, आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टर गाठा. बाटलीवर ठळक अक्षरांत 'विष – निकोटीन' आणि तारीख लिहा, आणि ती मुलं आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा. ती सरबताच्या किंवा औषधाच्या जुन्या बाटलीत कधीच भरू नका. रंग चहाचा, वास मनुकांचा, घरातल्या लहानग्याला ते पिण्याचंच वाटेल.

अर्क आधीच बिघडलेला असेल तर

चमच्याच्या चाचणीत मेणाचा डाग आला असेल तर गार करून निवळून तो बराच सुधारतो. कणांचा असेल तर आणखी दोन आठवडे उभा ठेवा आणि पुन्हा गाळा. साखरेचा असेल तर तो अर्क वाचत नाही, फक्त पातळ करता येतो. २० टक्क्यांऐवजी ५ टक्के घाला, उरलेली चव साखर नसलेल्या दुसऱ्या पानाच्या अर्काने भरून काढा. लाटाकियाचे काही थेंब इथे जादू करतात. गोड अर्क एकट्याने वापरायचा हट्ट मात्र सोडावा लागतो.

आंबूस वास आला, पृष्ठभागावर तवंग किंवा बुरशीचा पुंजका दिसला तर गाळून वाचवायचा विचारसुद्धा नको, सगळं टाकून द्या. असं बहुधा पान फार ओलं असल्यामुळे किंवा कुणी पातळ करायला पाणी घातल्यामुळे होतं. ताज्या अर्काला गवताचा, अमोनियाचा कच्चा वास येणं वेगळं. बाटलीचं झाकण काढून तासभर ठेवून, मग बंद करून दोन आठवडे मुरू दिलं की तो बहुतेक जातो.

उपकरणाकडून एवढंच

तंबाखूच्या खऱ्या अर्काला उपकरणाची कमी ताकद मानवते. त्याच कॉइलवर वॉटेज पाव भागाने कमी केलं तर कीट बसण्याचा वेग लक्षात येण्याइतका घटतो, आणि चवीतला धुरकटपणाही सुटा होतो. बारीक तोंडाच्या बंद पॉडमध्ये (कॉइल आणि कापूस आतच बसवलेल्या छोट्या टँकमध्ये) हा अर्क घालू नका, त्यांचे कापूस लहान असतात आणि बदलता येत नाहीत. स्वतः तार गुंडाळून कापूस भरता येणारं ॲटमायझर या कामाला योग्य. तार साधी, एकेरी ठेवा. वेण्या घातलेल्या, खाचाखाचांच्या तारांत कीट अडकून बसतं आणि निघत नाही.

साफ करताना आधी कापूस पूर्ण काढा. तार कान्थल किंवा नायक्रोमची असेल तर कमी ताकदीवर थोडी थोडी लाल करून कीट जाळता येतं. गार झाली की पाण्याखाली धरून मऊ ब्रशने घासा, वाळवा, नवा कापूस भरा. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा अशा लाल करू नयेत, आणि कापूस बंदिस्त असलेल्या तयार कॉइलला तर हा उपाय लागूच नाही.

बर्लीत थोडं लाटाकिया घातलेल्या पानाचा सहा आठवडे मुरवलेला थंड अर्क, दोन आठवडे निवळलेला, १० टक्के प्रमाणात, हे सध्या माझ्या टँकमध्ये आहे. कापूस पाचव्या-सहाव्या दिवशी तपकिरी होतो, तेव्हा मी तो बदलतो. तारेला दोन आठवडे हात लावावा लागत नाही.